जीपचे दात

पुसेगावच्या यात्रेत बैल बघायला गेलेला शेतकरी किमतीचं नंतर बोलतो. आधी बैलाचं तोंड उघडतो आणि दात बघतो. आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती, सहा दाती, का जुळलाय? विकणारा काहीही सांगो, दातावरून वयाचा अंदाज येतो. मात्र दात तरी किती सांगणार? खोंड अडीच-तीन वर्षांचं आहे एवढं सांगतील. ते नागपंचमीला जन्मलं का दसऱ्याला, हे नाही सांगणार. मी दहावीपर्यंत शिकलो आणि पुढं सगळा जन्म शेतीतच काढला. जुन्या गाड्यांचा जन्म कसा शोधतात हे मला उतारवयात कळलं, आणि कळलं ते या दातांच्या हिशोबामुळंच. निमित्त झालं आमच्या आबांच्या जीपचं.

आबा म्हणजे आमचे वडील. दुसऱ्या महायुद्धात ते फौजेत ड्रायव्हर होते आणि १९४४ साली इंफाळच्या वेढ्यात सापडले होते. लढाई संपल्यावर गावी आले, शेतीला लागले. १९५८ साली त्यांनी पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडून लष्कराच्या लिलावात निघालेली जीप अडीच हजाराला आणली. स्टिअरिंग डाव्या हाताला. पेट्रोल भरायचं तर ड्रायव्हरची गादी उचलायची, कारण टाकी तिच्याखाली. मला कळायला लागल्यापासून गावात एकच गोष्ट ऐकत आलो: "आबांनी इंफाळला चालवली तीच ही जीप. लिलावात हुडकून आणली." शाळेत मीही छाती फुगवून हेच सांगायचो. आबा १९९६ साली गेले. त्याच्या आधी दहा वर्षं तरी जीप गोठ्याशेजारच्या छपरात उभी होती. तिच्यावर कोंबड्या बसायच्या.

मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून एक गृहस्थ आले. जुन्या गाड्या गोळा करायचा त्यांना नाद. जीपभोवती दोन चकरा मारल्या, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "काका, ही गाडी १९४२ ची असेल आणि इंफाळच्या लढाईत होती असं तुम्ही लिहून देत असाल, तर मी नऊ लाख देईन. तसं नसेल तर साडेसहा."

जीपमध्ये निम्मा वाटा माझ्या पुतण्याचा. थोरला भाऊ गेला तेव्हा पोरगं लहान होतं. आता त्याच्या अंगावर दोन वर्षांच्या बटाट्यानं कर्ज चढवलेलं. त्यानं लगेच ट्रंकेतनं आरसी बुक काढून आणलं. त्यात शाईनं स्पष्ट लिहिलेलं: मॉडेल १९४२. "झालं की मग," तो म्हणाला, "सरकारी कागद हाय."

ते गृहस्थ हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "कागद ठेवा. आधी नंबर बघू."

जीपच्या पुढच्या बंपरमागं, चासीच्या डाव्या दांड्याला आतल्या बाजूनं रिव्हेट मारलेली एक छोटी पट्टी असते. तिच्यावर साठ वर्षांचं शेण-माती-ग्रीस बसलेलं. गावातल्या जुन्या मिस्त्रीचाचांना बोलावलं. त्यांनी रॉकेलच्या बोळ्यानं पुसत पुसत आकडे उघडे केले. एम, बी ही इंग्रजी अक्षरं आणि पुढं ३ लाख ४७ हजार ७०० च्या जवळपासचा नंबर.

आता या नंबराचा अर्थ काय, ते समजून घेऊ. कारखान्यात गाडी तयार होते तेव्हा तिला एक क्रमांक पडतो. साखर कारखान्याच्या काट्यावर पावतीला पडतो तसा. आधी आलेल्याला आधीचा, मागून आलेल्याला मागचा. त्यावर तारीख नसते, फक्त ओळीतली जागा असते. पण त्या ओळीत कुठं कुठं तारखेच्या खुंट्या ठोकलेल्या असतात. आपला नंबर कुठल्या दोन खुंट्यांच्या मध्ये येतो हे बघायचं.

अमेरिकेतल्या फोर्ड कंपनीची मॉडेल टी गाडी हे याचं मोठं उदाहरण. ही गाडी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या वर निघाली. नंबर इंजिनावर ठोकलेला असे. एक कोटीवी गाडी ४ जून १९२४ ला बाहेर पडली आणि दीड कोटीवी २६ मे १९२७ ला. म्हणजे एखाद्याच्या मॉडेल टीचा नंबर सव्वा कोटीचा असला, तर ती या दोन तारखांच्या मधली, हे घरबसल्या सांगता येतं. पण इथंच एक मेख आहे. तारीख कशाची? इंजिनाची. फोर्डची इंजिनं मुख्य कारखान्यात तयार व्हायची आणि रेल्वेनं दूरदूरच्या जोडणीच्या कारखान्यांत जायची. तिथं ती कधी गाडीत बसली, ही तारीख निराळी. आपल्याकडेही तेच. जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला. भाग जहाजातनं यायचे, गाडी इथं उभी राहायची. भाग तयार झाल्याची एक तारीख, गाडी जोडल्याची दुसरी आणि पहिल्या मालकानं नोंद केल्याची तिसरी. वासरू जन्मतं एका दिवशी, बाजारात येतं दुसऱ्या आणि आपल्या दावणीला लागतं तिसऱ्या. ज्याला त्याला आपली तारीख खरी वाटते.

जीपची गोष्ट आणखी गमतीची. लढाईच्या काळात जीप दोन कंपन्यांनी केली. मूळची विलिस कंपनीची, ओहायो राज्यातल्या टोलेडो गावची. तिच्या गाडीला एम-बी नाव. एकट्या विलिसला मागणी पुरी होईना म्हणून अमेरिकन सरकारनं फोर्डलाही तसलीच गाडी करायला लावली. तिला जी-पी-डब्ल्यू नाव. शेवटचा डब्ल्यू म्हणजे विलिसचा नमुना. दोघांच्या मिळून सहा लाखांहून जास्त जीपा निघाल्या. दिसायला जुळ्या बहिणी. पण फोर्डचा बाणा असा, की आपल्या बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा इंग्रजी एफ अक्षर उठवायचं. दुसरी खूण पुढं रेडिएटरखालच्या आडव्या दांड्याची. विलिसचा गोल पाइपासारखा, फोर्डचा उपड्या पन्हाळीसारखा. आमच्या जीपचा दांडा गोल होता. म्हणजे चासी विलिसची, आणि पट्टीवरची अक्षरंही तेच सांगत होती.

पुढच्या जाळीवरूनही बरंच कळतं. अगदी सुरुवातीच्या, सुमारे २५ हजार विलिस जीपांना लोखंडी पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. १९४२ च्या सुरुवातीलाच ती गेली आणि पत्र्यातनं ठोकून काढलेली, नऊ फटींची जाळी आली. लढाईनंतर लोकांसाठी जी जीप निघाली, जी पुढं महिंद्रांनी मुंबईत जोडली आणि जी आपण गावोगाव बघितली, तिला फटी सात. म्हणून जुनी जीप बघितली की आधी फटी मोजाव्यात. पुतण्यानं लगेच मोजल्या. नऊ. लढाईतली जीप, एवढं पक्कं झालं. त्याचा चेहरा उजळला.

मग त्या गृहस्थांनी पिशवीतनं झेरॉक्स काढला. विलिसचा कुठला नंबर कुठल्या वर्षी पडला, त्याची ती यादी. यादी एकपासून सुरू होत नव्हती. पहिलाच नंबर १ लाख १, नोव्हेंबर १९४१ चा. मला वाटलं, मग आधीच्या लाखभर गाड्या गेल्या कुठं? त्या झाल्याच नव्हत्या. मोजणीच तिथनं धरली. म्हणजे नंबर मोठा दिसला म्हणून तेवढ्या गाड्या झाल्या असंही समजायचं नाही. पुढच्या खुंट्या अशा: १९४३ साल उजाडलं तेव्हा नंबर दोन लाखांवर होता. १९४४ च्या सुरुवातीला २ लाख ९३ हजारांवर. १९४५ च्या सुरुवातीला ४ लाख २ हजारांवर. आणि १९४५ मध्ये लढाई संपली तेव्हा ओळही ४ लाख ६० हजारांच्या अलीकडं संपली.

आमचा नंबर ३ लाख ४७ हजार ७००. आरसी बुकातलं १९४२ तिथंच गळून पडलं.

साल तर कळलं, महिना कळेल का? मी पोराच्या जुन्या वहीवर त्रैराशिक मांडलं. १९४४ सालात एकंदर गाड्या झाल्या १ लाख ९ हजार. वर्षाच्या सुरुवातीपासून आमच्या नंबरापर्यंत झाल्या ५४ हजार ७००. म्हणजे बरोबर निम्म्या. निम्म्या गाड्या, तर निम्मं वर्ष. जून संपता संपता किंवा जुलै लागता लागता आमची जीप टोलेडोतनं बाहेर पडली असणार.

असणार, असंच म्हणायचं. कारण या हिशोबात आपण धरून चाललोय की कारखान्यानं वर्षभर सारख्याच गाड्या काढल्या, दिवसाला सरासरी तीनशे. प्रत्यक्षात कधी माल कमी पडला असेल, कधी काम जोरात असेल. आमच्या विहिरीचं पाणी दर तासाला सारखं येत नाही, तर कारखाना सारखा कसा चालेल? म्हणून महिनाभर अलीकडं, महिनाभर पलीकडं धरावं. वर्षाबद्दल शंका नाही, महिन्याबद्दल थोडी आणि दिवसाचं तर नावच काढू नये. खरं तर विलिसच्या जीपमध्ये समोरच्या कप्प्यावर एक पट्टी असते आणि तिच्यावर गाडी लष्कराच्या ताब्यात दिल्याची तारीख ठोकलेली असते. आमच्या जीपमध्ये त्या जागी नुसती भोकं शिल्लक होती. पट्टी कुणी कधी काढली, देव जाणे.

पण आम्हाला दिवसाची गरजच नव्हती. इंफाळचा वेढा मार्चअखेरीपासून होता आणि तो फुटला २२ जून १९४४ ला. कोहिमाकडून आलेली फौज आणि इंफाळातनं निघालेली फौज त्या दिवशी रस्त्यावर एकमेकींना भेटली. आमची जीप तेव्हा टोलेडोत तरी होती, नाहीतर नुकती तिथनं निघालेली. एक महिना आधीची धरली तरी तिला आधी रेल्वेनं बंदर गाठायचं, मग समुद्र ओलांडायचा, मग हिंदुस्थानात उतरून पुन्हा रेल्वेनं आसाम गाठायचा. ती वेढ्यात असणं शक्यच नव्हतं.

छपरात कुणी बोललं नाही. मग पुतण्या म्हणाला, "नुसत्या आकड्यावरनं एवढं सगळं कसं ठरवता? आबा खोटं बोलले काय?"

आकड्यांत किती ताकद असते ते त्याच लढाईत दिसलं होतं. जर्मनी महिन्याला किती रणगाडे बनवते, हे दोस्तांना हवं होतं. हेरांच्या बातम्यांवरून आकडा निघायचा महिन्याला १५५० चा. दुसरीकडं काही हिशोबी लोक बसले पकडलेल्या आणि मोडलेल्या रणगाड्यांच्या नंबरांपाशी. गिअरबॉक्सचे नंबर त्यांना फार उपयोगी पडले. त्या थोड्याशा नंबरांवरून त्यांनी ऑगस्ट १९४२ साठी अंदाज काढला ३२७. लढाई संपल्यावर जर्मनांच्या दप्तरातला खरा आकडा सापडला: ३४२. जिवावर उदार होऊन आणलेल्या बातम्या चौपटीनं चुकल्या आणि लोखंडावरचे आकडे जवळजवळ बरोबर निघाले. जर्मनांनी ते आकडे शत्रूला सांगायला ठोकले नव्हते, आपल्या कामाच्या सोयीसाठी ठोकले होते. म्हणूनच त्यांवर विसंबता आलं.

मग आरसी बुकात १९४२ आलं कुठनं? तेही मिस्त्रीचाचांनी शोधलं. त्यांनी बोनेट उघडून इंजिनाच्या पुढच्या कोपऱ्यात उजवीकडं रॉकेल चोळलं. तिथं अक्षरं निघाली जी-पी-डब्ल्यू. इंजिन फोर्डचं! नंबर पन्नास हजारांच्या आतला. फोर्डची ओळ एकपासून सुरू होऊन २ लाख ७७ हजारांच्या पुढं गेली होती, त्यात पन्नास हजारांच्या आतला नंबर म्हणजे १९४२ चा. कुठल्या तरी लष्करी वर्कशॉपमध्ये विलिसचं इंजिन निकामी झालं असेल आणि हाताला लागलं ते फोर्डचं इंजिन बसवलं असेल. दोन्ही जीपांचे भाग एकमेकींना बसतात, मुळात तशाच केलेल्या होत्या. पुढं गावाकडं नोंद करताना कुणीतरी इंजिनाचा नंबर बघून साल लिहिलं असेल. कारकुनानं खोटं लिहिलं नव्हतं. त्यानं गाडीचा एकच दात बघितला होता.

संध्याकाळी मी आईजवळ बसलो. आई सत्त्याऐंशीची. ऐकू कमी येतं, पण आठवण शाबूत. तिला म्हटलं, "आई, जीप इंफाळची न्हाय गं. नंबर नंतरचा निघाला."

आई म्हणाली, "न्हायच मुळी. इंफाळची हाय असं कोण म्हणलं?"

"आबाच सांगायचे ना, तीच जीप म्हणून?"

"त्यांनी कवा म्हणलं तीच? तसलीच म्हणायचे. 'तसलीच हाय, पार तसलीच.' त्याची तीच केली तुम्ही पोरांनी आन् गावानं." मग जरा थांबून म्हणाली, "त्यांची गाडी तिकडंच गेली. दरीत. सांगाती बसलेला माणूस पण तिच्यासंगं गेला. ह्ये पडले बाहेर. मला एकदाच सांगितलं हुतं, तुझ्या जन्माच्या आधी. परत न्हाय बोलले."

साठीनंतर मला माझ्या बापाची ही गोष्ट कळली. लहानपणी मी बघायचो, आबा कधी कधी जीपमध्ये नुसतेच बसायचे, गाडी चालू न करता. डाव्या हाताला ते आणि उजवीकडची जागा मोकळी. मी तिथं चढून बसलो तर खाली उतरवायचे. मला वाटायचं, गादी मळेल म्हणून.

रात्री पुतण्या माझ्याकडं आला. म्हणाला, "अण्णा, अडीच लाखांचा फरक हाय. त्या माणसाला इंजिनाचा नंबर दाखवा, आरसी दाखवा आणि इंफाळचं लिहून द्या. आबा इंफाळला होते ह्ये तर खरंच हाय ना?" त्याचं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. कर्ज त्याच्या मानेवर होतं, माझ्या नाही. मी त्याला आजीनं सांगितलेलं सांगितलं. तो गप्प बसला. उठून जाताना एवढंच म्हणाला, "मग तुम्हाला योग्य वाटंल ते करा."

दुसऱ्या दिवशी मी कागद लिहिला. चासी विलिस, नंबरावरून १९४४ सालाच्या मध्याची, महिनाभर मागंपुढं. इंजिन फोर्डचं, १९४२ चं, मागाहून बसवलेलं. आरसी बुकातलं साल इंजिनावरून पडलेलं असावं. माझे वडील इंफाळच्या वेढ्यात ड्रायव्हर होते. ही गाडी त्या वेढ्यात नव्हती. खाली सही केली.

त्या गृहस्थांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "काका, इंजिन वेगळं आहे हे लोक सहसा लपवतात." त्यांनी ठरल्याप्रमाणे साडेसहा लाख दिले, वर काही दिलं नाही. मी पुतण्याला चार दिले आणि अडीच ठेवले. तो घेईना. तेव्हा आईनं त्याला जवळ बोलावून पैसे त्याच्या खिशात कोंबले.

जीप टेम्पोत चढवली त्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. टेम्पो वळणाआड गेल्यावर मी पुतण्याला म्हटलं, "गडबडीत नंबराची पट्टी नीट उतरवून घ्यायची राहिली बघ."

त्यानं खिशातनं वहीचं पान काढलं. चासीच्या पट्टीवर कागद धरून त्यानं वरनं पेन्सिल फिरवली होती. एकेक आकडा उमटला होता. त्याखाली त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: आबांच्यासारखीच जीप, अंदाजे १९४४.